अंगठा, दांडपट्टा आणि काळा पट्टा

१

दलित कवितेने पुराणांतून जी माणसे आपल्या बाजूला ओढून घेतली त्यांत शंबूक, कर्ण आणि एकलव्य हे तिघे अग्रभागी आहेत. यांपैकी एकलव्याचे नशीब मात्र वेगळे आहे. तो विद्रोहाच्या कवितेत आहे आणि सरकारी फलकावरही आहे. आदिवासी मुलांसाठी केंद्र सरकारने १९९७-९८ पासून ज्या निवासी शाळा काढल्या त्यांना एकलव्याचे नाव दिले. मध्य प्रदेश सरकार कनिष्ठ गटातील खेळाडूंना जो पुरस्कार देते त्यालाही त्याचेच नाव आहे. देशातल्या उत्तम खेळाडूला १९६१ पासून अर्जुन पुरस्कार मिळतो आणि उत्तम प्रशिक्षकाला १९८५ पासून द्रोणाचार्य पुरस्कार मिळतो. ज्या गुरूने एका विद्यार्थ्याला जन्म विचारून परत पाठवले आणि पुढे त्याच्या हातातली विद्या काढून घेतली, त्याचे नाव या देशात आदर्श प्रशिक्षकाला दिले जाते. सभागृहात टाळ्या वाजतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपलेही लोक असतात.

एखादी प्रतिमा विद्रोह्याच्याही कामी येते आणि प्रस्थापिताच्याही कामी येते, तेव्हा त्या प्रतिमेची पुन्हा एकदा चिकित्सा करणे समीक्षेला भाग आहे. आपल्या कवितेने एकलव्याचा अंगठा उचलून धरला. लूट, कपट, गुरूचा विश्वासघात हे सारे तिने उघड्यावर आणले आणि ते आवश्यकच होते. परंतु अंगठ्यावर खिळलेल्या नजरेतून त्या कथेतला दुसरा प्रश्न निसटला असे मला वाटते. हा प्रश्न शस्त्रविद्या शिकणाऱ्यांमधल्या दर्जाचा आणि मानाचा आहे. विद्या कोणी शिकावी, ती आली आहे असे कोणी ठरवावे, आणि शिकलेल्यांपैकी कोणी कोणापुढे वाकावे, हे त्याचे तीन भाग. एकलव्याच्या कथेत या तिन्ही भागांची उत्तरे एकाच माणसाच्या हाती आहेत आणि तो माणूस राजवाड्याच्या पगारावर आहे.

आखाडा, तालीम, कवायतीचे मैदान, कराटेचा वर्ग या जागा साहित्यसमीक्षेला परक्या वाटतात. परंतु माणसाला माणसाने द्यायचा मान अंगाने शिकायच्या या जागा आहेत. तिथे काय शिकवले जाते ते पाहिल्याशिवाय समतेची चर्चा कागदावरच राहील.

२

आदिपर्वातली कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यातले दुर्लक्षित तपशीलच घेतो. एकलव्य हा हिरण्यधनू नावाच्या निषादराजाचा मुलगा. म्हणजे तो भिकारी नव्हता, अनाथही नव्हता. त्याला नाकारले ते निषाद म्हणून. सधनता आली की जात सुटते असे ज्यांना वाटते त्यांनी ही पहिली ओळच नीट वाचावी.

दुसरा तपशील द्रोणाचा. द्रोण मुळात दरिद्री होता. त्याच्या मुलाला दुधाऐवजी पिठाचे पाणी पाजले गेले होते. बालमित्र द्रुपदाकडे तो गेला तेव्हा राजा आणि दरिद्री यांची मैत्री होत नसते असे सुनावून द्रुपदाने त्याला वाटेला लावले. बरोबरीची माणसेच मित्र होऊ शकतात, हा अपमानाचा धडा द्रोण स्वतः शिकला होता. त्यातून त्याने समतेचा बोध घेतला नाही. सूड घेण्यासाठी हस्तिनापूरची नोकरी धरली. अपमान सोसलेला माणूस आपोआप दुसऱ्याच्या अपमानाचा शत्रू होतो, हा भाबडा समज द्रोणाच्या चरित्राने खोटा ठरतो. आपल्या चळवळीतल्या कित्येक कडवट अनुभवांचा अर्थ इथे लागतो.

तिसरा तपशील अंगठ्याच्या आधीचा आहे. एकलव्याचे बाण कुत्र्याच्या तोंडात पाहून अर्जुन अस्वस्थ होतो आणि द्रोणाला त्याच्या वचनाची आठवण देतो. ते वचन असे की, तुझ्यापेक्षा वरचढ असा माझा एकही शिष्य असणार नाही. म्हणजे पहिला क्रमांक शिकण्यापूर्वीच वाटला गेला होता! स्पर्धा व्हायची होती, निकाल मात्र लागला होता. एकलव्याने तो निकाल जंगलातल्या सरावाने चुकीचा ठरवला, आणि निकाल खरा करण्यासाठी अंगठा कापावा लागला. द्रोणाने गुणवत्ता ओळखली नाही असे म्हणता येत नाही. ती त्याने पुरेपूर ओळखली, म्हणून तर अंगठाच मागितला. दुबळ्या धनुर्धराचा अंगठा कोण मागेल?

पुढे द्रोणपर्वात कृष्ण अर्जुनाला सांगतो की, द्रोणाने अंगठा घेतला तो तुझ्याच हितासाठी, आणि एकलव्याला मी मारले तेही तुझ्यासाठीच. ग्रंथ आपला हिशेब कुठे लपवीत नाही. लपवतो तो कीर्तनकार आणि पाठ्यपुस्तक. त्यांनी या कथेला गुरुभक्तीचा धडा केला.

अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी बाण मारू लागला, पण पहिल्यासारखी चपळाई राहिली नाही, असेही मूळ कथेत आहे. आशियातल्या जुन्या धनुर्विद्येच्या अनेक परंपरांत दोरी अंगठ्याने खेचत. आजच्या ऑलिंपिकमधले धनुर्धर ती तीन बोटांनी खेचतात. अंगठ्याचे त्यात काम नसते. ज्या अवयवावर द्रोणाने कायमचा निकाल लावला, तो तंत्र बदलताच गैरलागू ठरला. विद्येवरची मक्तेदारी अशीच असते. ती एका पद्धतीला एकमेव पद्धत म्हणते आणि त्या पद्धतीची किल्ली स्वतःकडे ठेवते. दुसरी पद्धत शोधली की किल्लीची किंमत जाते.

परंतु माझा मुख्य आक्षेप आपल्या वाचनावर आहे. एकलव्याने अंगठा कापून दिला याचा आपल्याला राग येतो. त्याच्या कितीतरी आधी त्याने मातीचा द्रोण केला, त्याचा राग आपल्याला येत नाही. ज्याने दार लावले त्याचीच मूर्ती करून तिच्यापुढे सराव करायचा, आणि स्वतःच्या घामाने मिळवलेल्या विद्येचे श्रेय त्या मूर्तीला द्यायचे! श्रेय दिले म्हणून तर दक्षिणा मागता आली. मूर्ती नसती तर द्रोणाचा हक्क कशावर उभा राहिला असता? मूर्ती घडली तेव्हाच अंगठा अर्धा तुटला होता. दलित कवितेने द्रोणाला जाब विचारला, ते ठीकच झाले. त्या मातीच्या मूर्तीला जाब विचारणारी कविता अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही.

३

एकलव्याला शिकू दिले नाही. कर्णाला शिकलेले दाखवू दिले नाही. हस्तिनापूरच्या रंगभूमीवर कर्ण अर्जुनाच्या बरोबरीचे सारे करून दाखवतो, आणि द्वंद्वाची वेळ येते तेव्हा कृपाचार्य त्याचे कुळ विचारतो. उत्तर म्हणून दुर्योधन त्याला अंगदेशाचे राज्य देतो. पण म्हातारा अधिरथ सारथी मैदानात येताच भीम हसतो आणि कर्णाला चाबूक हाती घ्यायला सांगतो. राज्य मिळाले तरी दर्जा मिळाला नाही. वरून दिलेला किताब हा मान नसतो, हे कर्ण जन्मभर अनुभवतो. किताब देणाऱ्याच्या ऋणात तो बांधला जातो एवढेच.

ही केवळ पुराणातली गोष्ट नाही. कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला उभारलेल्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. फौजेत बढती मिळे आणि महार माणूस सुभेदार होऊ शके. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवीत. हुद्दा म्हणजे काय, याचा पहिला आधुनिक अनुभव आपल्या समाजाला पलटणीत आला. हुद्दा वरचा असेल तर खालच्याने सलाम करायचा, मग खालचा कोणत्याही घरचा असो, असा पलटणीचा नियम होता. गावात जो वेशीबाहेर होता तो कवायतीच्या मैदानावर हुकूम सोडू शकत होता. वर्णव्यवस्थेच्या दृष्टीने ही उलथापालथच होती.

ती फार काळ टिकली नाही. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत बळावला. काही जाती जन्मतः शूर आणि काही जन्मतः भेकड, असे इंग्रजांच्या दप्तरात ठरले आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद पडली. मनूचे काम बंदुकवाल्या साहेबाने केले. ज्यांनी प्रत्यक्ष लढाया मारल्या होत्या त्यांना ‘तुम्ही लढाऊ नाही’ असे लेखी कळवले गेले! येथेही गुणवत्ता दिसत नव्हती असे नाही. निकाल आधी ठरला होता, पुरावा मागून बदलला गेला.

या अन्यायाविरुद्ध निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने अर्ज तयार केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनीही विलायत सरकारपर्यंत गाऱ्हाणे नेले. वलंगकरांचा अर्ज आपल्या वैचारिक साहित्यातला पहिल्या रांगेतला दस्तऐवज आहे. त्यांच्या धैर्याबद्दल आदर ठेवूनच त्यातल्या एका युक्तिवादाची चिकित्सा केली पाहिजे. महार हे मूळचे क्षत्रिय, दुष्काळात अभक्ष्य भक्षण करावे लागल्याने पतित झालेले, असे त्या अर्जाचे एक म्हणणे आहे. त्या काळी दुसरी भाषा हाताशी नव्हती हे समजता येते. परंतु या युक्तिवादात मान पुन्हा जन्माकडूनच मागितला जातो. आम्ही लढलो म्हणून शूर, असे न म्हणता आम्ही मूळचे शूर कुळातले, म्हणून लढू द्या, असे म्हटले जाते. क्षत्रियत्व हीच जर पात्रता असेल, तर जो क्षत्रिय नव्हता त्याला कायमचे बाहेर ठेवण्याचा हक्क आपणही मान्य केला असे होते.

बाबासाहेबांनी हा रस्ता सोडला. त्यांनी पूर्वजांचे वर्णपत्र मागितले नाही, नागरिकाचा हक्क मागितला. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्या वेळी ते संरक्षण सल्लागार मंडळावर होते. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे जवान आहेत. जे दार एका जातीच्या हक्कासाठी उघडले ते पुढे सर्वांसाठी उघडे राहिले, यातच त्या मागणीची योग्यता दिसते.

४

आपल्याच मातीत या प्रश्नाचे दुसरे उत्तरही आहे. पुण्यात लहुजी साळवे यांची तालीम होती. मांग समाजातला हा माणूस दांडपट्टा, नेमबाजी, कुस्ती शिकवीत असे. जोतीराव फुले आणि त्यांचे ब्राह्मण मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे त्यांच्या तालमीत शिकले, असे जोतीरावांचे चरित्रकार सांगतात. महाभारताची मांडणी इथे पूर्ण उलटी झालेली दिसते. शिकवणारा अस्पृश्य आणि शिकणारा स्पृश्य. लोकांनी त्यांना कोणती उपाधी दिली तेही पाहावे. ‘आचार्य’ नाही, ‘गुरुजी’ नाही, ‘वस्ताद’. हा शब्द फारसीतून, मुसलमानी अमदानीतून आला. त्याला वर्ण चिकटलेला नाही. वस्ताद कोणीही होऊ शकतो. ज्याच्या हाती कसब आहे तो वस्ताद. संस्कृतने ज्याला गुरू म्हटले नसते त्याला तालमीच्या भाषेने वस्ताद म्हटले.

लहुजींचा दुसरा मोठेपणा असा की, त्यांनी विद्या तालमीत कोंडून ठेवली नाही. जोतीरावांच्या शाळेत मांग-महारांची मुले यावीत म्हणून त्यांनी खटपट केली. त्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. दांडपट्टा शिकवणारा माणूस मुलींच्या हाती पाटी जावी म्हणून धडपडतो, तेव्हा शस्त्र आणि अक्षर यांचा तंटा मिटतो. द्रोणाने एका शिष्याचा क्रमांक राखण्यासाठी दुसऱ्याची विद्या संपवली. लहुजींनी शिष्याच्या कामात स्वतःला जोडून घेतले.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतोच. तालमीत ज्याच्या पायाला हात लावला त्याच्या घरी पाणी पिणारे किती होते? तालमीच्या चौकटीत मिळालेला मान चौकटीबाहेर किती टिकला? याच प्रश्नाच्या प्रकाशात अण्णाभाऊ साठे यांची १९५९ ची ‘फकिरा’ पुन्हा वाचावीशी वाटते.

‘फकिरा’ अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. आपल्या समाजाचा शूर पुरुष मराठी कादंबरीचा नायक झाला, ही तिची ऐतिहासिक कामगिरी आहे. राणोजी गावाच्या इज्जतीसाठी शेजारच्या गावातून जोगणी आणतो आणि त्यापायी मारला जातो. त्याचा मुलगा फकिरा दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, खजिना लुटतो, सरकारशी झुंजतो आणि शेवटी आपल्या माणसांचा छळ थांबावा म्हणून स्वतःला सरकारच्या हवाली करतो. कादंबरीचा भर शिकण्यावर नाही, लढण्यावर आहे. शौर्य येथे रक्तात आलेले, बापाकडून मुलाकडे गेलेले असे दिसते. या ठिकाणी समीक्षकाने थांबले पाहिजे. इंग्रजांनी मांगांना जन्मजात गुन्हेगार ठरवून हजेरी लावली. अण्णाभाऊ त्याला उत्तर देतात ते जन्मजात शौर्याचे. उत्तर तेजस्वी आहे, परंतु ‘जन्मजात’ हा शब्द दोन्हीकडे तसाच राहतो.

दुसरे असे की, राणोजी आणि फकिरा यांना गावाचे प्रेम मिळते, पाटील-कुळकर्ण्यांचा जिव्हाळा मिळतो. दर्जा मिळत नाही. जोगणी आणणाऱ्याचे गाव कौतुक करते, पण त्याचे घर वेशीच्या आत येत नाही. अण्णाभाऊंनी शंकरराव पाटील आणि विष्णुपंत कुळकर्णी यांना ज्या माणुसकीने रंगवले त्यात त्यांची वर्गीय ऐक्याची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा आदर करूनही म्हणावे लागते की, कौतुक आणि मान या दोन गोष्टी आहेत. कौतुक वरचा खालच्याचे करतो. मान बरोबरीचे लोक एकमेकांना देतात. गावगाड्याने शूर मांगाचे, शूर महाराचे, शूर रामोशाचे कौतुक शतकानुशतके केले आणि त्याला राखणीला ठेवले.

५

वर चढण्याच्या पायऱ्या जन्मावर नसतील तर कशा असू शकतात, याचे जगातले एक ठळक उदाहरण जपानचे आहे. कराटे-जुडोचे वर्ग आता आपल्या वस्त्यांतूनही भरतात. गुरुवारी-रविवारी पांढऱ्या कपड्यातली मुले कमरेला पट्टा बांधून मैदानात उभी असतात. तो पट्टा कुठून आला हे त्यांना कोणी सांगत नाही.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योतल्या एका बौद्ध मंदिराच्या जागेत कोदोकान ही जुडोची शाळा काढली. कानो सामुराई घराण्यातले नव्हते. साके गाळणाऱ्या व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आधी युद्धविद्येच्या घराण्यांत परवान्याची पद्धत होती. गुरू मर्जीने शिष्याला सनद देई, दोन सनदांत कित्येक वर्षे जात आणि शेवटचे गुपित फार थोड्यांना मिळे. कानोंनी लहानलहान, सर्वांना दिसतील अशा पायऱ्या केल्या. ‘दान’ नावाच्या या पायऱ्यांची कल्पना ‘गो’ या पटावरच्या खेळात आधीपासून होती. १८८३ साली पहिली पायरी दोन शिष्यांना मिळाली. पुढे पायरी चढलेल्यांनी काळा पट्टा बांधावा अशी रीत पडली. रंगीत पट्टे जुडो युरोपात गेल्यानंतर रूढ झाले.

‘मूकनायका’च्या ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्मावे त्याच मजल्यावर मरावे. कानोंची रचनाही मजल्यांचीच आहे, पण तिला शिडी आहे. म्हणून उच्चनीचता दिसली की ती सारखीच वाईट, असे सरसकट म्हणणे मला योग्य वाटत नाही. शिकणारा आणि शिकलेला यांत अंतर असणारच. ते अंतर चालून कापता येते की नाही, हा प्रश्न आहे. तालमीत वस्ताद पोराला ‘अरे’ म्हणतो आणि पोरगा त्याला ‘वस्ताद’ म्हणतो. उद्या त्या पोराला वस्ताद होता येत असेल तर त्या ‘अरे’त अपमान नाही. गावचा पाटील महाराच्या म्हाताऱ्याला ‘अरे’ म्हणे त्यात अपमान होता, कारण त्या म्हाताऱ्याच्या सात पिढ्यांना ‘अहो’ होण्याची वाट नव्हती.

पण शिडी बांधली की काम संपले, असे समजणाऱ्यांनी जपानचा पुढचा इतिहासही वाचावा. कराटे मूळचे ओकिनावा बेटांवरचे. ते रियुक्यूंचे स्वतंत्र राज्य होते. १८७९ मध्ये जपानने ते पूर्णपणे गिळले. तिथले शिक्षक गिचिन फुनाकोशी १९२२ साली तोक्योला आले. कानोंनी त्यांना कोदोकानमध्ये बोलावून मान दिला. फुनाकोशींनी जुडोसारखा गणवेश आणि पट्ट्यांची पद्धत उचलली आणि १९२४ साली पहिले दर्जे दिले. १९३३ मध्ये दाई निप्पोन बुतोकुकाई या जपानी युद्धविद्यांच्या वजनदार संस्थेने कराटेला मान्यता दिली. तोपर्यंत ‘कराटे’ हा शब्द ‘चिनी हात’ अशा अर्थाच्या चिन्हांनी लिहिला जाई. फुनाकोशींनी ‘रिकामा हात’ हा अर्थ पुढे आणला आणि १९३६ साली नाहा येथे जमलेल्या ओकिनावाच्या शिक्षकांनीही तो स्वीकारला. उच्चार तोच राहिला, नाते पुसले गेले. परिघावरच्या माणसांची विद्या मध्यभागी आली, मात्र येताना तिला आपले मूळ बदलून सांगावे लागले. मान्यतेची किंमत काय, हा प्रश्न केवळ आपलाच नाही! तमाशा, लावणी, हलगी यांचे काय झाले ते जाणणाऱ्यांना हे लगेच कळेल.

शिडीवर पहारेकरीही बसतो. बुतोकुकाई पुढे लष्करशाहीच्या दावणीला बांधली गेली आणि युद्धानंतर १९४६ मध्ये विसर्जित झाली. कोदोकानमध्ये स्त्रियांना पाचव्या दानच्या वर चढू देत नसत. केइको फुकुदा या कानोंच्या पहिल्या गुरूच्या नात. त्यांना पाचवा दान १९५३ मध्ये मिळाला आणि सहावा मिळायला १९७२ साल उजाडले. कोदोकानने नववा दान दिला तेव्हा २००६ साल होते आणि त्यांनी नव्वदी ओलांडली होती. शिडी होती, एका पायरीवर झाकण होते. जपानातल्या अस्पृश्यांना, ज्यांना आज बुराकुमिन म्हणतात, १८७१ च्या फर्मानाने कायद्याने समान केले. तरी १९२२ साली त्यांना सुइहेइशा ही स्वतःची संघटना काढावी लागली. मैदानावर पायऱ्या आल्या म्हणून मैदानाबाहेरचा समाज सपाट होत नाही.

आणि आज? पट्ट्याची परीक्षा, परीक्षेची फी, प्रमाणपत्राचे पैसे, चौकोचौकी निरनिराळ्या संघटनांच्या पाट्या. ज्याच्या बापाला फी परवडते त्याचा पट्टा लवकर रंग बदलतो. जन्माने विकला जाणारा दर्जा पैशाने विकला जाऊ लागला, एवढाच फरक पडणार असेल तर वस्तीतल्या मुलाच्या पदरात काय पडले?

६

या सर्व चर्चेत आपल्याला आपल्याच धम्माच्या परंपरेकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात उपालीची कथा आहे. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद, देवदत्त आदी शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले. त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपालीही होता. राजपुत्रांनीच बुद्धाला विनंती केली की, आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा ताठा उतरेल. बुद्धाने तसेच केले. संघातली ज्येष्ठता दीक्षेच्या काळावर मोजत. म्हणून न्हावी ज्येष्ठ झाला आणि राजपुत्र कनिष्ठ. दर्जा राहिला, क्रम राहिला, वंदनही राहिले. जन्म तेवढा बाद झाला. कृपाचार्याने कुळ विचारले त्या प्रश्नाला याहून चोख उत्तर भारतीय परंपरेत मला दिसत नाही.

सिगालाला केलेल्या उपदेशात शिष्याने गुरूसाठी काय करावे ते आहे, तसेच गुरूने शिष्यासाठी काय करावे तेही आहे. काही हातचे न राखता सर्व विद्या शिकवावी, हे गुरूचे कर्तव्य तिथे सांगितले आहे. कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. गुरुभक्तीच्या आपल्याकडच्या महापुरात ही दुसरी बाजू बुडून गेली.

नमस्काराचेही असेच आहे. जुडोच्या मैदानावर दोघेही वाकतात. वरच्या पट्ट्याचाही वाकतो आणि खालच्याचाही. कुस्तीच्या हौद्यात दोन्ही मल्ल मातीला हात लावून एकमेकांना सलामी देतात. गावात महार ‘जोहार मायबाप’ म्हणे, त्याला जोहाराने उत्तर मिळत नसे. तो नमस्कार एकाच दिशेने जाई आणि परत येत नसे. ‘जय भीम’ हा नमस्कार परत येतो. म्हणणाऱ्याला तेच शब्द, त्याच उंचीचे, उलट मिळतात. मंत्री असो की हमाल, उत्तर एकच. एका पिढीत आपण नमस्काराची दिशा बदलली, ही सांस्कृतिक क्रांती आहे. तिच्याकडे आपल्या समीक्षेने अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पण प्रामाणिकपणे विचारू या. आपल्या सभांत तो नमस्कार सगळीकडे परत येतो काय? व्यासपीठावरच्या खुर्च्या, ‘साहेबां’च्या गाडीमागे धावणारी पोरे, प्रश्न विचारणाऱ्या कार्यकर्त्याला शिस्तीच्या नावाने बाहेर काढणे, सतरंज्या उचलणाऱ्या बाईला ठरावावर बोलू न देणे, हे कोणत्या तालमीतले धडे? २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा शेवट अधःपतनात आणि हुकूमशाहीत होतो असा इशारा दिला. आपण त्यांचे पुतळे उभारले आणि इशारा त्या पुतळ्यांच्या चौथऱ्यात गाडला. एकलव्याची मातीची मूर्ती आपल्या अंगणात अशी पुन्हा पुन्हा उभी राहते.

म्हणून वस्तीत तालीम चालवणाऱ्या, कराटेचा वर्ग घेणाऱ्या, युवक शिबिरे भरवणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना काही गोष्टी विचाराव्याशा वाटतात. तुमच्या शिडीची पहिली पायरी फी न भरू शकणाऱ्या मुलाच्या पायाला लागते काय? मुलींसाठी वरच्या पायरीवर झाकण नाही ना? शिष्याला गुरूची चूक दाखवता येते काय, की ते मानाच्या विरुद्ध समजले जाते? तुम्ही सर्व डाव शिकवता की शेवटचा डाव स्वतःच्या मुलासाठी राखून ठेवता? आणि तुमचा विद्यार्थी तुमच्यापेक्षा वरचढ निघाला, तर त्या दिवशी तुम्हाला आनंद होईल, की त्याच्या अंगठ्याकडे लक्ष जाईल?

साहित्यिकांकडेही एक मागणे आहे. एकलव्याला रक्ताळलेल्या हातानिशी आपण पुष्कळ उभे केले. आता त्याला मूर्ती फोडताना, तीन बोटांनी दोरी ओढायला शिकताना, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या निषादपोरांना शिकवताना उभे करा. ज्याने दार नसलेल्या भिंतीपाशी एकट्याने विद्या मिळवली त्याने वस्ताद व्हायला हवे होते. महाभारताने त्याला ते होऊ दिले नाही. आपल्या कथेत, आपल्या नाटकात त्याला कोण अडवणार आहे?